भाड्याचे ग्राफिक कार्ड आणि त्याचा जॉबर

कांदिवलीत चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या भाच्याचा गाळा आहे. साड्या आणि ड्रेस मटेरियलची डिझाइने तो कॉम्प्युटरवर करून देतो. पूर्वी अशा ठिकाणी ट्रेसिंग पेपरवर बुट्टा काढणारा कारागीर बसे. आता एका बुट्ट्याच्या पन्नास तऱ्हा एआयकडून रात्रीत काढून सकाळी गिऱ्हाइकापुढे ठेवाव्या लागतात. त्यासाठी लागणारे यंत्र महाग, म्हणून तो ते क्लाउडवर तासाच्या भाड्याने घेतो. या धंद्यात अशा भाड्याच्या यंत्रालाच 'वर्कर' म्हणतात.

गेल्या वर्षी त्याने रात्री काम लावले आणि घरी गेला. सकाळी पाहतो तो पन्नासपैकी तीनच डिझाइने तयार, आणि भाड्याचे मीटर मात्र रात्रभर पूर्ण दराने चाललेले. सुरतच्या पार्टीला नमुने वेळेवर गेले नाहीत, पार्टी दुसरीकडे गेली. कार्ड शाबूत होते. चुकला होता तो ड्रायव्हर.

आपल्यापैकी ज्यांनी गिरणी पाहिली आहे त्यांना हे लवकर समजेल. माग कितीही चांगला असो, जॉबर हजर नसेल तर तो उभाच राहतो. ड्रायव्हर हा कार्डाचा जॉबर. त्या रात्री यंत्राने आपणहून लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, अद्ययावत केला आणि पुन्हा सुरू झाले. जुना ड्रायव्हर नव्या कर्नलवर बसला नाही. कार्ड सापडले नाही तेव्हा प्रोग्रामने थांबायला हवे होते. तो गुपचूप साध्या प्रोसेसरवर कासवाच्या चालीने काम करीत राहिला. आता भाच्याने तीन गोष्टी केल्या आहेत. आपोआप होणारे बदल बंद ठेवले, कार्ड दिसले नाही तर काम थांबून निरोप यावा असे केले, आणि नीट चालणाऱ्या यंत्राची प्रतिमा जपून ठेवली. नवा वर्कर त्या प्रतिमेवरूनच उभा करतो.

ड्रायव्हर कोणता घ्यावा? कार्ड एन्व्हीडियाचे असेल तर प्रोग्रामला 'कूडा'ची कोणती आवृत्ती लागते ते आधी पाहा. कूडा १२ साठी लिनक्सवर ५२५ किंवा त्यापुढच्या मालिकेचा ड्रायव्हर हवा. नव्या ड्रायव्हरवर जुना कूडा चालतो. जुन्या ड्रायव्हरवर नवीन मोठी आवृत्ती सहसा चालत नाही. उलट, नवीन ते चांगले असेही समजू नका. २०२५ मध्ये आलेल्या कूडा १३ ने व्होल्टा आणि त्याआधीच्या कार्डांना रजा दिली. स्वस्तात मिळते म्हणून व्ही१०० भाड्याने घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आता कार्ड. विक्रेता वेग सांगेल, आपण आधी मेमरी विचारावी. हिशेब सोपा आहे. मॉडेल १२ अब्ज आकड्यांचे आणि प्रत्येक आकड्याला २ बाइट, म्हणजे नुसते मॉडेलच २४ जीबी. ते १६ जीबीच्या टी४ वर जसेच्या तसे मावणार नाही; २४ जीबीच्या एल४ वरही हलायला जागा उरत नाही. लहान मॉडेलवर डिझाइने काढायची असतील तर टी४ पुष्कळ झाले. पण आपल्या नमुन्यांवर मॉडेलला शिकवायचे असेल तर एल४ घ्यावे, कारण शिकवणीत चालणारी 'बीएफ१६' ही आकड्यांची पद्धत टी४ च्या बांधणीतच नाही. ए१०० आणि एच१०० ही मोठ्या कारखान्याची यंत्रे. शंभर मीटर छापायला कोणी अख्खे प्रोसेस हाउस भाड्याने घेत नाही.

लॅमिंग्टन रोडवरून खेळाचे जीफोर्स कार्ड आणून गाळ्यात लावायला हरकत नाही, रोज आठ-दहा तास काम असेल तर तेच परवडेल. मात्र ते डेटा सेंटरमध्ये ठेवून भाड्याने देण्याचा बेत कोणी करू नये. २०१७ च्या अखेरीस एन्व्हीडियाने ड्रायव्हरच्या परवान्यात त्याला मनाई केली आहे.

भाड्यातही दोन भाव असतात. पक्के यंत्र महाग. 'स्पॉट' यंत्र बरेच स्वस्त, पण मालकाला गरज लागली की तो काढून घेतो. ॲमेझॉन दोन मिनिटांची सूचना देते. प्रत्येक डिझाइन झाल्याबरोबर साठवले जात असेल तरच स्पॉट घ्यावे. यंत्र बंद केले तरी डिस्कचे भाडे चालू राहते, हेही पुष्कळांना बिल आल्यावरच कळते. सरकारच्या इंडिया एआय मिशनला मार्च २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात लहान उद्योगांनाही सवलतीच्या दरात कार्डे मिळण्याची सोय आहे. अर्ज करायला काय हरकत आहे?

खाते उघडताना आपला जीएसटी नंबर भरायला विसरू नका. भाड्यावर १८ टक्के कर लागतो आणि नंबर नसेल तर तो वजा मिळत नाही. कंपोझिशनमध्ये असलेल्यांना तो तसाही मिळत नाही, त्यांनी भाव करताना कर धरूनच हिशेब मांडावा.