डायलिसिस केंद्रात की घरी? समाधानाचे मोजमाप केवळ यंत्रावर नाही

भिलाई : मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला प्रत्यारोपण होईपर्यंत किंवा आयुष्यभर डायलिसिसचा आधार घ्यावा लागतो. भारतात बहुसंख्य रुग्ण हिमोडायलिसिस घेतात. पेरिटोनियल डायलिसिस हा घरच्या घरी करता येणारा दुसरा मार्ग तुलनेने अपरिचित आहे.

हिमोडायलिसिसमध्ये रक्त यंत्रातून शुद्ध केले जाते. त्यासाठी साधारणतः आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास केंद्रात थांबावे लागते. भिलाईसारख्या पोलादनगरीत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या कामगारासाठी किंवा दुर्ग जिल्ह्यातील खेड्यातून येणाऱ्या रुग्णासाठी याचा अर्थ वर्षाला सुमारे १५६ फेऱ्या असा होतो. सोबत येणाऱ्या नातेवाइकाचा रोजगारही बुडू शकतो.

पेरिटोनियल डायलिसिसमध्ये पोटात बसवलेल्या नळीतून द्रावण सोडले जाते. उदरपोकळीचे आवरणच गाळणीचे काम करते. हे द्रावण सामान्यतः दिवसातून तीन ते चार वेळा बदलावे लागते व प्रत्येक वेळी अर्धा तास लागतो. प्रवास वाचतो, मात्र स्वच्छतेत हयगय झाल्यास पोटात गंभीर जंतुसंसर्ग होऊ शकतो. द्रावणाच्या पिशव्यांचा नियमित पुरवठा आणि त्या साठवण्यासाठी जागाही आवश्यक असते.

रुग्णांच्या समाधानाबाबत अमेरिकेतील ३७ केंद्रांमधील ६५६ रुग्णांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पेरिटोनियल डायलिसिस घेणाऱ्या ८५ टक्के रुग्णांनी एकूण सेवेला ‘उत्कृष्ट’ म्हटले. हिमोडायलिसिसमध्ये हे प्रमाण ५६ टक्के होते. सर्वांत मोठी तफावत मिळालेल्या माहितीबाबत होती : ६९ विरुद्ध ३० टक्के. मात्र रुग्णांची विभागणी सोडतीने झालेली नसल्याने हा फरक केवळ उपचारपद्धतीमुळेच पडला, असे म्हणता येत नाही. घरी उपचार घेणाऱ्याला प्रशिक्षण द्यावेच लागते, हेही त्यामागील एक कारण असू शकते.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. त्याअंतर्गत दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना जिल्हा रुग्णालयांत मोफत हिमोडायलिसिसची तरतूद झाली. पेरिटोनियल डायलिसिससाठी मार्गदर्शक सूचना २०१९ मध्ये आल्या.

प्रत्येक रुग्णाला दोन्ही पद्धती मानवतातच असे नाही. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्यांना पेरिटोनियल, तर काही हृदयरुग्णांना हिमोडायलिसिस जड जाते. म्हणूनच पहिल्या डायलिसिसपूर्वीच घरातील जागा, मदतीला कोण आहे, केंद्राचे अंतर आणि खर्च यांविषयी मूत्रपिंडतज्ज्ञांशी सविस्तर बोलणे हिताचे ठरते.