‘मलेरिया’ म्हणजे वाईट हवा

मंडळी, दवाखान्यात डॉक्टर ज्याला ‘मलेरिया’ म्हणतात, तो आपला हिवताप. हा इंग्रजीतला शब्द मूळचा इटलीचा. तिकडच्या भाषेत ‘माला’ म्हणजे वाईट आणि ‘आरिया’ म्हणजे हवा. रोमच्या आसपास दलदल फार. तिथं राहणाऱ्यांना वरचेवर ताप यायचा. लोक म्हणत, दलदलीतली कुबट हवाच बाधते.

पुढे १८८० साली लाव्हरां या फ्रेंच डॉक्टरांना अल्जीरियात रोग्याच्या रक्तात या तापाचे जंतू दिसले. १८९७ च्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेस तेच जंतू डासाच्या पोटात सापडले. तेव्हा उलगडा झाला. दलदलीवरचा संशय खरा होता. पण ताप पसरवीत होता तो तिथल्या पाण्यात वाढणारा डास. हवेवर उगीच आळ आला होता!

आपला शब्द पाहा. हीव भरून येतो तो हिवताप. त्यात नुसतं लक्षण सांगितलं आहे, म्हणून तो आजही खरा.

गुरुजींनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी, आणि शाळेमागचं डबकं त्यांना दाखवून बुजवून घ्यावं. शब्दात चूक राहिली तर बिघडत नाही. दाराशी पाणी साचलेलं राहिलं तर मात्र ताप येतो.