18 जून 1957: दलीपसिंग सौंद यांचा मंगळवार

सकाळी 9. अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या सदस्याचा दिवस टपालाने उजाडतो. दलीपसिंग सौंद कॅलिफोर्नियाच्या 29व्या मतदारसंघाचे. रिव्हरसाइड आणि इम्पीरियल हे दोन परगणे म्हणजे वाळवंट, आणि कोलोरॅडो नदीच्या कालव्यावर पोसलेली शेती. तिथले प्रश्नही त्याच मातीतले: पाण्याचा वाटा, कापसाचा भाव, मेक्सिकोतून येणारे हंगामी मजूर. हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको. 1924 साली बर्कलीतून गणितात पीएच.डी. मिळवलेल्या या माणसाने पुढची कित्येक वर्षं त्याच भागात लेट्यूस पिकवलं. तेही स्वतःच्या नावावर सातबारा नसताना, कारण कॅलिफोर्नियाच्या कायद्याने आशियाई परक्यांना जमीन घेता येत नव्हती.

10. समित्यांची वेळ. सौंद परराष्ट्र व्यवहार समितीवर आहेत. पहिल्याच खेपेला आलेल्या सदस्याच्या वाट्याला ही समिती येणं हा मोठाच मान.

12. कचेऱ्यांमधून घंटा वाजते, प्रार्थना होते, सभापती सॅम रेबर्न आसनावर येतात. आज नागरी हक्क विधेयकाचा निकाल लागायचा आहे. चर्चा जूनच्या सुरुवातीपासून चाललेली. न्यायालयाचा मनाई हुकूम मोडून कृष्णवर्णीयांचं मतदान अडवणाऱ्यावर अवमानाचा खटला चालला, तर तो ज्यूरीपुढेच चालावा, हा दक्षिणेतल्या सदस्यांचा हट्ट. वरवर किती न्याय्य! पण तिथल्या ज्यूरीत बसणार गोरेच. आरोपी सुटणार हे ठरलेलं. सौंद यांनी या चर्चेत कायद्याचा कीस न काढता एक आकडा ठेवला होता: एकाच राज्यातल्या 13 परगण्यांत मतदार म्हणून नोंदलेला एकही कृष्णवर्णीय नाही. मला हा त्यांचा सगळ्यात मोठा क्षण वाटतो. गणिती माणूस नेमका शून्यावर बोट ठेवून उभा राहिला.

दुपारनंतर नावं पुकारून मतदान. बटण दाबून मत देण्याची सोय इथे 1973 साली येणार. तोवर लिपिक 400च्या वर नावं वर्णक्रमाने पुकारतो. सुटलेल्यांची नावं पुन्हा एकदा. बराच वेळ जातो. एस अक्षर यादीच्या शेवटाकडे, त्यामुळे सौंद यांना थांबावं लागतं. नाव येतं. ते होकार देतात. वयाच्या पन्नाशीपर्यंत त्यांना स्वतःलाच मताधिकार नव्हता. 1946च्या ल्यूस-सेलर कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचं दार उघडलं, आणि 1949 साली ते नागरिक झाले.

विधेयक 286 विरुद्ध 126 मतांनी मंजूर होतं.

संध्याकाळी 6. कॅलिफोर्नियात आत्ता कुठे 3 वाजलेत, तिथल्या कचेऱ्या उघड्या आहेत. सकाळच्या पत्रांमधल्या कामांचे फोन लावायला हीच वेळ बरी. विधेयक आता सिनेटकडे जाईल. ज्यूरीची तरतूद तिथे आत घुसेल, एक महत्त्वाचं कलम गळेल, आणि 9 सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर ज्या कायद्यावर सही करतील तो आजच्यापेक्षा दुबळा असेल.