दार बदलण्याआधी हँडल उचलून पाहा

इंग्लंडमधल्या घराचं दुहेरी काचेचं दार एकदा कुरबुर करू लागलं, की घरातल्या सगळ्यांना त्याची सवय होऊन जाते. हँडल उचलताना दुसऱ्या हाताने दार ओढून धरायचं, किल्ली फिरवताना खांद्याने रेटा द्यायचा, रात्री कुलूप लागलं की सुटकेचा निःश्वास टाकायचा. मग एके दिवशी ते लागतच नाही. माणूस बोलावला, तर तो चौकटीसकट नव्या दाराचा आकडा सांगतो आणि आपण हबकतो. स्लाव, हॅरो, रेडिंग, मिल्टन कीन्स या भागांत जुनी घरं घेतलेल्या मराठी कुटुंबांकडून ही तक्रार मी वारंवार ऐकतो, आणि प्रत्येक वेळी एकच विनंती करतो: आधी दार उघडं ठेवून हँडल उचलून पाहा.

या एका कृतीत निम्मं निदान होतं. ते का, हे समजायला दार लागतं कसं ते पाहावं लागेल.

दार सताड उघडा आणि त्याच्या कडेकडे बघा. वरपासून खालपर्यंत स्टीलची एक लांब पट्टी बसवलेली दिसेल. तिच्या मधोमध, हँडलच्या पातळीला, पट्टीच्या मागे एक पेटी असते. ब्रिटनमधले कारागीर तिला गिअरबॉक्स म्हणतात. हँडलमधून आरपार जाणारी चौकोनी सळई, बहुधा 8 मिलिमीटरची, या पेटीतून जाते. हँडल वर उचललं की पेटीतला तुकडा फिरतो आणि पट्टीमागच्या सळया वर-खाली सरकवतो. त्यासरशी वरचा आणि खालचा आकडा बाहेर येतो, रोलर पट्टीबरोबर सरकतात आणि हे सगळे चौकटीवरच्या पत्र्याच्या खाचांत जाऊन बसतात. किल्लीचं काम त्यानंतरचं. ती आकडे बाहेर काढत नाही, बाहेर आलेले आकडे मागे जाऊ नयेत म्हणून अडवून धरते. म्हणून हँडल न उचलता नुसतं दार ओढून घेतलं, तर ते फक्त मधल्या जिभेवर टेकलेलं असतं.

आता ती परीक्षा. दार उघडंच ठेवून हँडल उचला आणि किल्ली फिरवा. हात लोण्यासारखा फिरला, पण दार लावल्यावर तेच हँडल अडत असेल, तर कुलूप निर्दोष आहे. दार आपल्या जागेवरून हललंय आणि आकडे खाचांऐवजी पत्र्यावर आदळताहेत. उलट, दार उघडं असतानाही हँडल घट्ट, खरखरीत किंवा पूर्ण सैल लागत असेल, तर दोष गिअरबॉक्सचा, नाहीतर किल्ली घालायच्या सिलिंडरचा. पहिल्या प्रकारात बहुतेक वेळा एकही भाग विकत घ्यावा लागत नाही. म्हणून या परीक्षेशिवाय कुणालाही पैसे देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

दार जागेवरून हलतं याची कारणं दोन. पहिलं ऋतूंचं. यूपीव्हीसी, म्हणजे या दारांचं प्लास्टिक, तापलं की वाढतं: एक मीटर लांबीला, दर 10 अंशांमागे साधारण 0.7 मिलिमीटर. दोन मीटर उंचीचं दार हिवाळ्यातल्या पहाटेपासून उन्हातल्या दुपारपर्यंत 30 अंशांनी तापलं, तर हिशेबाने ते चार मिलिमीटरच्या आसपास वाढायला हवं. आत घातलेली स्टीलची पट्टी हे बरंचसं रोखून धरते, पण पूर्ण नाही. शिवाय बाहेरची बाजू तापते आणि आतली गारच राहते, त्यामुळे दार किंचित धनुष्यासारखं वाकतं. गडद रंगाच्या, दक्षिणेकडे तोंड असलेल्या दारांना हे जास्त जाणवतं. दुपारी अडणारं दार संध्याकाळी आपोआप सुधारत असेल, तर त्याचं मूळ इथेच शोधावं.

दुसरं कारण वजनाचं, आणि ते समजून घेण्यात खरी मौज आहे. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. चार मिलिमीटरच्या दोन काचा आणि मधे 20 मिलिमीटरची हवा किंवा वायू अशी 28 मिलिमीटरची जोडकाच ब्रिटनमध्ये सर्रास वापरतात. म्हणजे दर चौरस मीटरला 20 किलो. पूर्ण काचेच्या दारात हे ओझं सहज 24–25 किलोंवर जातं आणि ते सगळं एका बाजूच्या बिजागऱ्यांवर लोंबकळत असतं. प्लास्टिकची चौकट एकट्याने हे पेलू शकत नाही. म्हणून काच बसवताना तिच्या आणि पल्ल्याच्या मधे प्लास्टिकच्या छोट्या पट्ट्या विशिष्ट ठिकाणी ठोकतात: एक खाली, बिजागरीच्या कोपऱ्यात, दुसरी वर, कुलपाच्या कोपऱ्यात. गोठ्याच्या फळ्यांच्या दाराला मागून तिरकी पट्टी ठोकलेली असते ना, तेच काम इथे काच करते. ती दोन कोपऱ्यांमध्ये तिरकी ताणून बसते आणि पल्ल्याला काटकोनात धरून ठेवते. इथले कारागीर याला टो अँड हील म्हणतात.

या पट्ट्या घसरल्या किंवा मुळातच बसवल्या नसल्या, की कुलपाकडचा कोपरा हळूहळू खाली येतो. ओळखायची खूण सोपी आहे. दार लावून पल्ला आणि चौकट यांच्यातली फट वरच्या कडेला पाहा. बिजागरीकडे ती बारीक आणि कुलपाकडे रुंद दिसली, तर दार उतरलंय. खालच्या उंबऱ्यावर घासल्याचा काळपट ओरखडाही बहुधा असतो.

उपाय करताना आधी बिजागरीकडे वळावं, कारण तिथलं काम हलकं आहे. प्लास्टिकची टोपणं काढली की आत ॲलन कीचे स्क्रू दिसतात. एक दाराला डावी-उजवीकडे सरकवतो, एक उंची कमी-जास्त करतो, तर काही बिजागऱ्यांत तिसरा दार चौकटीच्या रबरावर किती दाबून बसेल ते ठरवतो. एका वेळी अर्धा फेरा द्यायचा, सगळ्या बिजागऱ्यांना सारखा द्यायचा, दार लावून पाहायचं आणि मगच पुढचा अर्धा फेरा. उंचीचा स्क्रू फिरवताना दाराखाली पाचर घालून वजन उचलून धरावं, म्हणजे स्क्रूच्या आट्यांवर ताण येत नाही. घाईने एकाच बिजागरीला तीन फेरे दिले, तर पल्ला पिळवटतो.

बिजागरीने भागलं नाही, तर काचेच्या पट्ट्यांना हात घालावा लागतो. काचेभोवतीची बीडिंग आतून बसवलेली असेल, तर ती काढता येते: सर्वांत लांब पट्टीच्या मध्यावर पातळ, बोथट पट्टी खुपसून ती अलगद उचकटायची. लांब पट्ट्या आधी काढायच्या आणि बसवताना आखूड आधी बसवायच्या. मग कुलपाकडचा कोपरा वर उचलून धरत तिथे जाड पट्टी सरकवायची. हे काम एकट्याने करू नये. 20–25 किलोंची काच निसटली तर ती सावरता येत नाही. या कामाला जाणता माणूस बोलावला, तर ते पैसे सत्कारणी लागले असं समजावं.

आता दुसरी शक्यता: दार उघडं असतानाही हँडल दगा देतंय. हँडल उचललं तरी लटकत खाली येत असेल, तर आधी हँडलचे दोन स्क्रू सोडवून ते काढून पाहा. कधी आतली स्प्रिंग तुटलेली असते आणि नुसतं हँडल बदलून काम होतं. नवं घेताना तीन मापं न्यायची: दोन स्क्रूंमधलं अंतर, पाठीमागच्या पट्टीची लांबी, आणि चौकोनी सळईच्या मध्यापासून सिलिंडरच्या मध्यापर्यंतचं अंतर. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. ब्रिटनमध्ये ते बहुधा 92 मिलिमीटर असतं, पण बहुधा म्हणजे नेहमी नव्हे.

हँडल ठीक असेल, तर गिअरबॉक्स. तो बदलायचा तर सिलिंडर आणि हँडल काढून, कडेच्या पट्टीचे सगळे स्क्रू सोडवून पट्टी बाहेर ओढायची. पुष्कळ बनावटींत मधली पेटी तेवढी सुटी मिळते, काहींत रिव्हेट मारलेले असल्याने सबंध पट्टी घ्यावी लागते. पट्टीवर कोरलेलं नाव, कडेच्या पत्र्याची रुंदी आणि पत्र्यापासून सळईच्या मध्यापर्यंतचं अंतर, बहुधा 35 मिलिमीटर, एवढं जुळलं की भाग जुळतो. गिअरबॉक्स मरण्याचं नेहमीचं कारण मात्र आधीच येऊन गेलंय. उतरलेल्या दारावर महिनोन्महिने हँडल दामटत राहिलं, की आतला ओतीव धातूचा तुकडा शेवटी तुटतो. म्हणून नवी पेटी बसवताना दारही सरळ करून घ्यावं, नाहीतर तीही त्याच वाटेने जाते. आणि दार बंद असतानाच पेटी तुटली, तर पक्कड-हातोड्याने झटापट करू नका. तिथे अनुभवी किल्लीवाल्यालाच बोलवावं.

सिलिंडर म्हणजे किल्ली घालायची ती पितळी नळी. हिच्याबद्दल थोडं काळजीने सांगतो, कारण इथे प्रश्न सोयीचा नाही, सुरक्षिततेचा आहे. सिलिंडरच्या मधोमध एक फिरता दात असतो आणि तो जागेवर धरणाऱ्या स्क्रूसाठी तिथेच आडवं भोक पाडलेलं असतं. साहजिकच तो भाग सर्वांत नाजूक. जुनं सिलिंडर हँडलच्या बाहेर डोकावत असेल, तर चोर ते पकडून मोडतो, आणि मोडतं ते नेमकं त्या भोकापाशी. म्हणून सिलिंडर हँडलच्या पत्र्याशी समतल हवं, फार तर दोन-तीन मिलिमीटर बाहेर. ब्रिटनमध्ये नवं घेताना टीएस 007 या मानकाचे तीन तारे आहेत का ते पाहावं, किंवा एक तारा असलेलं सिलिंडर आणि दोन ताऱ्यांचं हँडल अशी जोडी घ्यावी. अशा सिलिंडरला बाहेरच्या टोकाकडे मुद्दाम खाच ठेवलेली असते. तेवढाच तुकडा मोडतो आणि उरलेलं कुलूप शाबूत राहतं.

बदलायचं कामही सोपं. दाराच्या कडेला, किल्लीच्या भोकाच्या समोर असलेला एकच लांब स्क्रू काढायचा. किल्ली घालून थोडीशी, घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांइतकी, एका बाजूला फिरवायची. फिरता दात नळीच्या अंगाशी समांतर आला, की सिलिंडर किल्लीसकट अलगद बाहेर येतं. नाही आलं, तर दुसऱ्या बाजूला फिरवून पाहायचं. माप घेताना सबंध लांबी मोजून चालत नाही. स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून बाहेरच्या टोकापर्यंत वेगळं आणि आतल्या टोकापर्यंत वेगळं मोजायचं. 35–45 आणि 40–40 या दोन्हींची बेरीज 80 च भरते, पण एकाच्या जागी दुसरं बसवलं तर ते पाच मिलिमीटर बाहेर डोकावतं.

खिडक्यांचं यंत्र याच जातीचं, पण लहान. हँडलची सळई बहुधा 7 मिलिमीटरची असते आणि तिची लांबी चौकटीच्या जाडीनुसार बदलते. हँडल काढून ती मोजावी. वाकडं हँडल असेल, तर डाव्या-उजव्या हाताचा फरकही पाहावा.

खिडकीच्या बिजागऱ्या मात्र वेगळ्या. पल्ला आणि चौकट यांच्या मधल्या खोबणीत स्टीलच्या पट्ट्यांची कात्री असते. ती घर्षणावर चालते, म्हणून वाऱ्यात खिडकी उघडली तिथेच थांबते. खिडकी आपटू लागली, तर सरकत्या तुकड्यावरचा छोटा स्क्रू जरा आवळून पाहावा. पल्ल्याच्या एका कोपऱ्यातून वारा येत असेल किंवा पट्ट्या गंजून वाकल्या असतील, तर जोडीने बदलाव्यात. माप दोन: पट्टीची लांबी आणि मिटलेल्या अवस्थेतली जाडी. जाडी 13 किंवा 17 मिलिमीटर असते. वरून टांगलेल्या आणि बाजूने उघडणाऱ्या खिडकीच्या बिजागऱ्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. वरच्या मजल्यावर हे काम दोघांनी, आतूनच करावं. एकाने पल्ला धरलेला हवा, आणि खाली कुणी उभं नको.

शयनगृहाची खिडकी आगीत बाहेर पडायचा मार्ग असेल, तर आणखी काळजी घ्यावी. इंग्लंडच्या नियमांनुसार अशा खिडकीची उघडी जागा किमान 0.33 चौरस मीटर, रुंदी आणि उंची प्रत्येकी किमान 450 मिलिमीटर, आणि उघड्या भागाची खालची कड जमिनीपासून 1100 मिलिमीटरच्या वर नको. तिथे रुंद उघडणारी खास बिजागरी असते. साधी बिजागरी लावली तर खिडकी दिसायला तशीच राहते, पण माणूस बाहेर पडेल इतकी उघडत नाही. किल्लीचं हँडलही तिथे लावू नये.

वंगणाबद्दल थोडक्यात. कडेची पट्टी, आकडे, रोलर यांना वर्षातून एक-दोनदा सिलिकॉन किंवा पीटीएफई स्प्रे. सिलिंडरच्या आत ग्रीस किंवा घरातलं तेल मुळीच नको, धूळ चिकटून आतल्या पिना अडकतात. घर्षणाच्या बिजागरीच्या सरकत्या तुकड्यावरही तेल नको. तिथे घर्षणच हवं आहे. त्याची खोबण ब्रशने झाडून स्वच्छ ठेवली तरी पुरतं.

पुण्या-मुंबईच्या नव्या इमारतींतही आता यूपीव्हीसीच्या खिडक्या आल्या आहेत आणि उघडमीट होणाऱ्या खिडक्यांचं यंत्र बरंचसं हेच आहे. फरक पडतो तो हवेने. मुंबईत, कोकणात, गोव्यात समुद्रालगत राहणाऱ्यांनी बिजागरी घेताना स्टीलची जात विचारावी. 304 नंबरचं स्टेनलेस स्टील खाऱ्या वाऱ्यात डागाळतं, 316 जास्त टिकतं. आणि दुकानात जाताना माप लिहून नेण्याऐवजी जुना भागच पिशवीत घालून न्यावा. काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवले, की भोकांचा फरक लगेच दिसतो.