सलाईनची बाटली आणि रक्ताची पिशवी : नातेवाइकांनी काय पाहावे?

सुगी उरकली, अंगात कणकण भरली की आपल्याकडचा माणूस दवाखान्याची पायरी चढतो आणि डॉक्टरांनी तपासायच्या आधीच सांगून टाकतो, "डाक्टर, एक बाटली लावा की, लई अशक्तपणा आलाय." नुसत्या गोळ्या लिहून दिल्या तर "ह्यांला काय कळत न्हाई" म्हणत तो दुसरा दवाखाना गाठतो. याउलट बाळंतीण अडली आणि रक्ताची पिशवी आणायला सांगितली, की घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. गरज नसताना बाटलीचा हट्ट आणि गरज असताना रक्ताची भीती, या दोन्ही गोष्टी माणसाच्या जिवावर बेतू शकतात.

बाटलीत असते काय?

साध्या सलाईनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असते. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ, बाकी सगळे निर्जंतुक पाणी. नेहमीच्या ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. तिच्यातून मिळणारी ताकद ज्वारीच्या एका भाकरीपेक्षाही कमी भरते. ज्याला खाता-पिता येते त्याने त्या पैशांत दूध, डाळ, अंडी खाल्ली तर अंगी जास्त लागेल.

मग सलाईन कुणाला लागते? पटकी-हगवणीने शरीरातले पाणी पार आटले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, उलट्यांमुळे पोटात घोटभर पाणीही ठरेना, माणूस बेशुद्ध आहे किंवा अपघातात खूप रक्त गेले आहे, अशा वेळी सलाईन जीव वाचवते. तिथे घरी वाट पाहत बसू नये, थेट १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी.

साध्या जुलाबाला मात्र तोंडाने दिलेले मीठ-साखरेचे पाणी पुरते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईनचा साठा अपुरा पडला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा घातलेले पाणी पिंपात भरून रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. जिथे शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते, तिथे ते प्रमाण चारच्या आत आले. डॉ. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आला. ओआरएसची तीच पुडी आज आशाताईंकडे असते. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा.

ठिबकचा हिशेब

आपल्या शेतकऱ्यांना ठिबक सिंचन नवे नाही. सलाईनचेही तसेच आहे. किती द्यायचे याइतकेच किती वेळात द्यायचे यालाही महत्त्व आहे. २० थेंबांना एक मिलिलिटर पडणाऱ्या नळीतून अर्ध्या लिटरची बाटली चार तासांत द्यायची तर मिनिटाला साधारण ४२ थेंब आणि आठ तासांत द्यायची तर २१ थेंब पडायला हवेत. "एस.टी. निघून जाईल, जरा जोरात सोडा" म्हणून नातेवाईकच नळीची चाकी फिरवतात. हे फार धोक्याचे आहे. म्हाताऱ्या माणसाच्या, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या छातीत पाणी साठून दम लागू शकतो. चाकीला हात फक्त सिस्टरने लावावा.

नातेवाइकांनी पाहायचे ते एवढेच. बाटलीवरची मुदत संपलेली नाही ना? पाणी गढूळ दिसत नाही ना? सुई व नळी नव्या पाकिटातून काढली का? सुईच्या जागी सूज, लाली किंवा आग होत असेल, थंडी वाजून येत असेल, दम लागत असेल किंवा बाटली संपत आली असेल तर लगेच सिस्टरला हाक मारावी.

रक्त चढवताना

रक्ताच्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका असतो तो अदलाबदलीचा. घरी एक नाव, आधार कार्डावर दुसरे, माहेरचे तिसरे, असा आपल्याकडे घोळ असतो. केसपेपर, रक्ताचा नमुना आणि रक्तपेढीचा अर्ज या तिन्हींवर एकच नाव हवे. पिशवी लावण्याआधी दोघांनी मिळून नाव, रक्तगट आणि पिशवीचा क्रमांक ताडून पाहायचा असतो. त्या वेळी नातेवाइकानेही रुग्णाचे पूर्ण नाव मोठ्याने सांगावे.

जिल्ह्याच्या ठिकाणाहून पिशवी आणायला गेलेल्या माणसाने ती रक्तपेढीने दिलेल्या थंड पेटीतूनच आणावी. ती मोटारसायकलच्या डिकीत टाकू नये, बर्फाला चिकटवू नये आणि वाटेत चहाला थांबू नये. पिशवी गार लागते म्हणून उन्हात किंवा गरम पाण्यातही धरू नये. पेटीतून बाहेर काढलेले रक्त चार तासांच्या आत चढवून संपले पाहिजे. रक्ताच्या नळीला गाळणी असते, म्हणून सलाईनची साधी नळी त्याला चालत नाही. त्याच नळीतून ग्लुकोज किंवा औषधही देत नाहीत.

पहिली पंधरा मिनिटे फार महत्त्वाची असतात. थंडी-ताप, अंगाला खाज, कंबरेत कळ, धाप किंवा लालसर काळी लघवी, यांपैकी काहीही दिसले तर तत्काळ सांगावे. सिस्टर रक्त थांबवून डॉक्टरांना बोलावतात.

तहान लागल्यावर विहीर नको

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्ताची एक पिशवी मोठ्या माणसाचे हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढवते. तेच काम लोहाच्या गोळ्या महिन्या-दोन महिन्यांत आणि फुकटात करतात. ऊसतोडीला निघालेल्या गरोदर बाईने १८० दिवसांच्या गोळ्या बिऱ्हाडाबरोबर घेऊन जायलाच हव्यात. नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर बाळंतपण घरी किंवा फडावर होता कामा नये.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात झालेल्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली आणि हजारो जखमी झाली. अशा वेळी पहिल्या तासात कामी येते ते आधीच तपासून शीतपेटीत ठेवलेले रक्त. आज दिलेल्या रक्ताच्या एचआयव्ही, कावीळ ब व क, गुप्तरोग आणि मलेरिया या तपासण्या झाल्याशिवाय ते कुणालाही देता येत नाही. पैसे घेऊन रक्त देण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. त्यामुळे आता रक्त मिळते ते फक्त दुसऱ्या कुणीतरी आपखुशीने दिलेले. रक्तपेशी ठेवता येतात त्या ३५ ते ४२ दिवस. म्हणून जयंतीला एकदाच मोठे शिबिर घेऊन भागत नाही.

सरपंच, ग्रामसेवक आणि आशाताईंनी मिळून गावातल्या दात्यांची रक्तगटवार यादी करून ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. १८ ते ६५ वयाचा, ४५ किलोंवर वजनाचा आणि साडेबारा हिमोग्लोबिनचा निरोगी माणूस रक्त देऊ शकतो. पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी पुन्हा देता येते. उन्हाळ्यात कॉलेजांना सुट्ट्या लागल्या की शिबिरे कमी होतात. म्हणून गावाने आपले शिबिर एप्रिल-मे मध्ये घ्यावे, आणि तो ठराव येत्या ग्रामसभेतच करून टाकावा.