केमिस्ट्री आवडते म्हणून केमिकल?

सीबीएसईचा बारावीचा निकाल लागला की इथे अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतही पेढ्यांबरोबर एक वाक्य हमखास येतं: "केमिस्ट्रीत पंचाण्णव आहेत, मग केमिकल इंजिनिअरिंगच!" ऐकायला सरळ वाटतं. फसगत तिथेच आहे.

रेणू कसा घडतो, कसा मोडतो, हा रसायनशास्त्राचा प्रश्न. केमिकल इंजिनिअरिंगची चार वर्षं मात्र उष्णतेचं वहन, द्रवांचा प्रवाह, ऊर्ध्वपातन आणि जागोजागी डिफरन्शियल इक्वेशन्स यांत जातात. केमिस्ट्रीपेक्षा गणित आणि फिजिक्सच जास्त भेटतं. गेट परीक्षेतही पेपर वेगळे: केमिस्ट्रीचा सीवाय, केमिकलचा सीएच.

"लॅबमध्ये जमलं तेच मोठ्या भांड्यात करायचं, त्यात काय एवढं?" हा गैरसमज जास्त मुरलेला. गणपतीत २०० पानांचा मसालेभात ज्यानं केलाय त्याला विचारा. घरचं प्रमाण नुसतं गुणत गेलं की वर तांदूळ कच्चा आणि खाली बुडाला लागलेला. आकडाच बघा. १ लिटरच्या चंबूऐवजी त्याच आकाराची १०,००० लिटरची टाकी घेतली, तर आतला माल १०,००० पट होतो, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग जेमतेम ४६४ पट. दर लिटरमागे पाहिलं तर एकविसाव्या हिश्श्याहूनही कमी. चंबू बर्फात ठेवून जी अभिक्रिया गुमान आटोपली, ती टाकीत भडकू शकते. मग आत थंड पाण्याची वेटोळी, बाहेर जॅकेट, माल थेंबाथेंबानं सोडणं, हा सगळा हिशोब इंजिनिअरचा.

इथून पश्चिमेला रुवैसच्या खतकारखान्यात नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि युरिया बनतो. हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करून फ्रिट्झ हाबरनं १९०९ साली प्रयोगशाळेत दाखवला. पण तोच अमोनिया मोठ्या प्रमाणावर बनवणारा जर्मनीतल्या ओपाऊचा कारखाना उभा राहायला १९१३ उजाडलं, कारण तापलेला, दाबाखालचा हायड्रोजन पोलादातला कार्बनच खायचा आणि नळ्या फुटायच्या. कार्ल बॉशनं आतून मऊ लोखंडाचं अस्तर दिलं, तेव्हा गाडी पुढे सरकली. हाबरला १९१८चं नोबेल, बॉशला १९३१चं. आणि बॉशची डॉक्टरेट? रसायनशास्त्रातलीच.

"केमिस्ट म्हणजे कारखान्यात दुय्यम" हेही खोटं. (गावाकडे केमिस्ट म्हणजे मेडिकलवाला, ते निराळंच.) केमिस्टनं सॅम्पल नापास केलं की टँकर फाटकाशी उभा राहतो, मग प्लँटवाल्यांनी लॅबला कितीही फोन करोत.

दोन्ही घरांत येणंजाणं मात्र जुनं आहे. मुंबईत माटुंग्याच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजे आजच्या आयसीटीचे, पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन हे रंगांचे रसायनशास्त्रज्ञ. १९५७ साली तेच पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. पुढे १९८९ साली त्याच खुर्चीवर बसले रघुनाथ माशेलकर: यूडीसीटीत शिकलेले केमिकल इंजिनिअर.