कर्करोगाची नोंदवही

ज्या रोगाला आपण बोलताना कॅन्सर म्हणतो, त्याचे मराठी नाव 'कर्करोग' आहे. 'कर्क' म्हणजे खेकडा. उर्दूत तुम्ही याच रोगाला 'सरतान' म्हणता. सरतान म्हणजेही खेकडाच! प्राचीन ग्रीक वैद्यांना या रोगाची गाठ आणि तिच्याभोवती पसरलेल्या फुगीर शिरा पाहून खेकड्याची आठवण झाली. तेव्हापासून हे नाव रूढ झाले.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. हे काम शिस्तीने चालते. कधी कधी काही पेशी ही शिस्त मोडतात आणि वाढतच राहतात. त्यांची गाठ बनते. पुढे त्या शरीरात इतरत्र पसरतात. हाच कर्करोग. तो संसर्गजन्य नाही. रोग्याजवळ बसल्याने किंवा त्याच्याबरोबर जेवल्याने तो होत नाही.

हा रोग किती जणांना होतो, हे कसे कळते? त्यासाठी नोंद ठेवावी लागते. भारतातील पहिली अशी नोंदवही १९६३ साली मुंबईत सुरू झाली. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे खेड्यांसाठी नोंदवही सुरू झाली. नोंद ठेवणारे कार्यकर्ते रुग्णाचे वय, गाव आणि रोग कोठे झाला आहे, हे लिहून घेतात.

या नोंदींवरून काय दिसते? २०२२ साली भारतात सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कर्करोग झाला आणि सुमारे ९ लाख लोक त्याने मरण पावले, असा अंदाज आहे. त्याच वर्षी अमेरिकेत नवे रुग्ण सुमारे २४ लाख होते. पण मृत्यू सुमारे ६ लाख. अमेरिकेची लोकसंख्या तर आपल्या चौथ्या हिश्श्याइतकीही नाही. म्हणजे आपल्याकडे हा रोग कमी लोकांना होतो, पण ज्यांना होतो त्यांतील जास्त लोक दगावतात. असे का? कारण आपले बरेच रुग्ण उशिरा दवाखान्यात येतात. कोणी घाबरतो, कोणी लाजतो, कोणाजवळ पैसे नसतात, तर कोणाचे गाव दूर असते.

आपल्या देशात रुग्णांची संख्या वाढत आहे. याचे एक कारण चांगलेच आहे. लोकांचे आयुष्य वाढले आहे आणि हा रोग उतारवयात अधिक होतो. स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी होत आहे. स्तनाच्या कर्करोगाचे मात्र वाढत आहे.

दुसरे कारण मात्र आपल्याच हातात आहे. ते म्हणजे तंबाखू. २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ४० हजार लोकांना तोंडाचा कर्करोग झाला. तंबाखू, गुटखा, विडी यांमुळे तो होतो. नुसती सुपारी चघळणेही घातक आहे. २००३ च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास आणि १८ वर्षांखालील मुलांना ती विकण्यास बंदी आहे. तरीही रंगीत पुड्या मुलांच्या हाती पडतात. मित्र आग्रह करतो, "एकदा खाऊन तर बघ!" तेव्हा 'नाही' म्हणायला धैर्य लागते.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवडे जखम भरली नाही किंवा तोंड पुरेसे उघडेनासे झाले, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

बार्शीचे कार्यकर्ते केवळ नोंद करून थांबले नाहीत. त्यांनी गावोगावी जाऊन रोगाची लक्षणे समजावून सांगितली. त्यामुळे रुग्ण लवकर येऊ लागले आणि अनेकांचे प्राण वाचले. हे काम तुम्हीही करू शकता. आज घरी गेल्यावर ही लक्षणे आपल्या अम्मी-अब्बांना, दादा-दादींना सांगा. घरात कोणी तंबाखू खात असेल, तर त्यांना अदबीने पण न घाबरता सांगा. वेळीच सांगितलेली एक गोष्ट एखाद्याचा जीव वाचवू शकते.